वाचकांचे प्रश्न : महिन्यातून दोनदा लागणारी गाडी

प्रश्न : मी व माझे पती दोघेही निवृत्त असून साताऱ्यात राहतो. महिन्यातून दोन-तीन वेळा दवाखाना किंवा कोरेगाव तालुक्यातले आमचे गाव आणि अधूनमधून खंबाटकी घाट ओलांडून पुण्याला लेकीकडे, एवढाच गाडीचा वापर असेल. तीन-सव्वातीन लाखांत जुनी गाडी घ्यायची आहे. दोन पेट्रोल वॅगन-आर पाहिल्या : एक २०१३ ची, केवळ १९,००० किलोमीटर चाललेली, दुसरी २०१७ ची, ७१,००० किलोमीटर चाललेली आणि काहीशी महाग. दोन्ही पहिल्याच मालकाकडच्या आहेत. भाच्याचा आग्रह मात्र डिझेल किंवा सीएनजीचा आहे. काय करावे?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : १९,००० हा आकडा पाहून कोणाचाही जीव हरखेल, तरीही मी तुम्हाला दुसरी, म्हणजे २०१७ ची गाडी सुचवेन. २०१३ पासून एवढेच अंतर कापलेली गाडी बहुतेक काळ उभीच राहिलेली असणार, आणि उभ्या गाडीतील रबरी नळ्या व सील कडक होतात, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, बॅटरी बसते आणि पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळेच. टायरच्या बाजूवर कोरलेल्या क्रमांकातील शेवटचे चार अंक वाचा. तेथे २३१३ असे दिसले, तर तो टायर २०१३ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे; नक्षी कितीही खोल दिसली तरी असे टायर लावून महामार्गावर जाऊ नये. चार टायर आणि बॅटरी यांतच वीस हजारांच्या आसपास रक्कम जाते, म्हणजे दोन्ही गाड्यांच्या किमतीतील फरकाचा मोठा वाटा तेथेच संपतो.

शिवाय खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१३ च्या गाडीची मुदत २०२८ मध्ये संपेल. त्यानंतर आरटीओत तपासणी, नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर भरून पुढची पाच वर्षे मिळतील. हे अशक्य मुळीच नाही, परंतु हा खर्च आणि हेलपाटे आजच्या किमतीत धरायला हवेत.

सुरक्षिततेबाबत २०१७ चीही गाडी डोळे झाकून घेऊ नका. चालकासाठीची एअरबॅग सर्व नव्या गाड्यांना १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधी स्वस्त गाड्यांत एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देणारी यंत्रणा) बहुधा वरच्या किंवा ऐच्छिक प्रकारांतच मिळत. तुम्हाला पुण्याचा महामार्ग गाठायचा आहे, म्हणून या दोन्ही सोयी असलेलीच गाडी शोधा, आणि त्यासाठी तीस-चाळीस हजार अधिक पडले तरी हात आखडता घेऊ नका.

आता भाच्याच्या आग्रहाविषयी. तुमचा वापर वर्षाला साधारण ३,००० किलोमीटर धरू. लिटरला १६ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये मानले, तर वर्षाचे इंधन वीस हजारांच्या आत बसते. डिझेलवर यातले फार तर सहा-सात हजार वाचतील, आणि जुन्या डिझेल गाडीचा एखादा इंजेक्टर किंवा टर्बो बिघडला की काही वर्षांची ती बचत एका फटक्यात जाईल. बीएस-६ (प्रदूषणाचे नवे, कडक निकष पाळणाऱ्या) डिझेल गाडीत तर धूर गाळणारा फिल्टर असतो आणि गावातल्या गावात थोडे थोडे अंतर चालवल्यास तो तुंबतो. सीएनजीने डिझेलपेक्षा थोडी अधिक बचत होईल खरी, पण डिकीची जागा सिलिंडर खाईल, आणि त्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करून घ्यावी लागते. रोज पन्नास किलोमीटर धावणाऱ्याचा हिशेब तुम्ही उसना घेण्याचे कारण नाही.

गाडी पाहायला सकाळी लवकर जा आणि मालकाला ती आधी सुरू करू नका असे सांगून ठेवा. पोहोचताच बॉनेटला हात लावा. ते गरम लागले, तर थंड इंजिनाचा त्रास लपवण्यासाठी गाडी आधीच तापवली असावी. सुरू झाल्यावर येणारा निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस दुधट साय दिसली, तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याचा संभव आहे. रोज थोडेच चालणाऱ्या गाडीत ती केवळ बाष्पामुळेही धरते, म्हणून अशा वेळी मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. त्याच्या टोकाकडील पट्ट्यावर मातीचा डाग आणि सीटखालच्या रुळांवर गंज दिसला, तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा आणि २०२१ चा चिपळूणचा पूर पाहता आपल्या भागात ही शंका अनाठायी म्हणता येत नाही. ७१,००० हा आकडा खरा आहे का, हे मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदींवरून पडताळावे.

वॅगन-आरच घ्यावी असे बंधन नाही. सेलेरिओ, ग्रँड आय-१० किंवा २०१८ नंतरची सँट्रोही चालेल. शेव्हरोलेने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. त्यांच्या गाड्या वाईट नव्हत्या आणि आज स्वस्तही मिळतात, पण ज्या गाडीचा सुटा भाग कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे सहज सापडतो तीच तुमच्या उपयोगाची.

प्रश्न : चुलतभावाची जुनी कार घेतली आहे. घरातलाच व्यवहार असल्याने ती नावावर करण्याची घाई केली नाही. विमा त्याच्या नावे चालू आहे. चालेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : चालणार नाही, आणि यात धोका तुमच्या चुलतभावालाही तेवढाच आहे. गाडी विकली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. विक्रीनंतर तृतीय पक्षाचा विमा (अपघातात इतरांच्या नुकसानीची भरपाई देणारा) कायद्याने खरेदीदाराकडे आल्याचे धरले जाते, परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई मागताना पॉलिसी तुमच्या नावावर नसल्यास कंपनी दावा नाकारू शकते. आरटीओतील मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० भरून, कर्ज असल्यास बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) व कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ जोडून हस्तांतर करा आणि पॉलिसी नावावर करण्याचा अर्ज व्यवहारापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे द्यायचा असतो, तो राहिला असल्यास आजच द्या. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळणार नाही. तो गाडीबरोबर न जाता तुमच्या भावाकडेच राहतो, म्हणून हप्त्यात होणारी वाढ भरण्याची तयारी ठेवा.