‘व्हिडिओ बघून घे’ असे कोणी सांगितले?

“माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. अभ्यास काय, करमणूक काय, सगळे फोनवरच. घरी कोणी आले तरी तो खोलीबाहेर येत नाही, मित्रांशी संदेशांतूनच बोलतो आणि माझ्याशी ‘हो’, ‘नाही’ यापलीकडे बोलत नाही. पूर्वी गणितात अडले की माझ्याकडे यायचा. पण मी घरून काम करत असल्याने बहुधा कॉलवर असायचे, मग ‘व्हिडिओ बघून घे’ म्हणायचे. परीक्षा होईपर्यंत त्याचा फोन काढून घ्यावा का?” – एक हताश आई

प्रिय ताई,

फोनने मुलाला तुमच्यापासून तोडले, असा तुमच्या पत्राचा एकूण सूर आहे. मात्र गणिताविषयीचे ते एक वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकलेत, वेगळेच सांगते. तो तुमच्याकडे आला होता आणि त्याला फोनकडे तुम्ही पाठवलेत. तेव्हा त्याने तुमचे ऐकले, आणि आज तेच ऐकणे तुम्हाला खुपते आहे.

व्हिडिओवरून गणित येत नाही, असे मी म्हणणार नाही. अडलेली पायरी मागे नेऊन दहा वेळा ऐकता येते आणि समजावणारा वैतागत नाही. परंतु व्हिडिओला ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. मुलाच्या कपाळावर आठी कुठे पडली, ‘समजले’ म्हणताना तो खरोखर समजून म्हणतो आहे की सुटका करून घेण्यासाठी, हे शेजारी बसलेल्या माणसालाच कळते. आणि ‘मला हे येत नाही’ असे न लाजता सांगणे, समोरच्याचा कल ओळखणे, न पटल्यास हुज्जत घालणे, हे सारे मूल अशा बसण्यातूनच शिकते. शिवाय, गणित अडणे हे काही वेळा नुसते निमित्त असते, हे तुम्हाला मी सांगायला हवे का?

2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात आयांनी आपल्या दोन वर्षांच्या मुलांना दोन नवे शब्द शिकवले आणि त्यांतला एक शिकवत असताना मध्येच फोन आला. दोन्ही शब्द मुलांच्या कानांवर सारख्याच वेळा पडूनही फोनमुळे तुटलेला शब्द मुलांना आला नाही. एवढ्या लहान मुलांवरून तुमच्या मुलाच्या बीजगणिताविषयी मी निष्कर्ष काढणार नाही. पण त्या प्रयोगात फोन आईच्या हातात होता, एवढे ध्यानात घ्या.

जप्तीविषयीही सांगते. 2014 च्या एका अभ्यासात अकरा-बारा वर्षांची मुले पाच दिवस शिबिरात फोन-टीव्हीच्या पडद्याविना राहिली, तेव्हा चेहऱ्यांवरचे भाव ओळखण्यात ती नेहमीप्रमाणे पडदा वापरणाऱ्या मुलांपेक्षा अधिक सुधारली. परंतु ती पाच दिवस एकमेकांच्या सहवासात होती. तुम्ही फोन काढून घेऊन कॉलवर परतलात, तर तुमच्या मुलाला कोणाचा सहवास मिळणार?

त्यामुळे त्याचा फोन त्याच्याकडेच राहू द्या आणि तुमचा दूर ठेवा. आजपासून रोज अर्धा तास, तुमचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, त्याच्या शेजारी जाऊन बसा. उपदेश करू नका, मित्रांची चौकशी करू नका. तो सध्या करत असलेले एखादे गणित तुम्हाला समजावून द्यायला सांगा. ते तुम्हाला येत नसेल, तर उत्तमच. पहिले काही दिवस तो संशयाने पाहील, ‘आज काम नाही का?’ असे टोचूनही विचारील, आणि तो टोमणा तुम्ही मुकाट्याने ऐकून घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. पलीकडच्या खोलीत फोन वाजेल, तेव्हा त्याची नजर वहीवरून उचलली जाऊन तुमच्याकडे वळेल. त्या वेळी जागेवरून उठू नका.