गुप्तरोग संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या तरुण डॉक्टरला

प्रिय डॉक्टर,
सप्रेम आशीर्वाद.

लैंगिक आजारांच्या संशोधनात शिरू का, असं तू विचारलंस. घरच्यांना ‘लोक काय म्हणतील’ याची धास्ती आहे, तेही कळवलंस. माझं म्हणणं एवढंच, की जरूर ये. त्वचा व गुप्तरोग, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा सामाजिक वैद्यकशास्त्र यांपैकी कशातही एमडी केलीस तरी चालेल. त्यात फार डोकं शिणवू नकोस.

डोकं शिणवायचं ते निदानावर. ‘अंगावरून पांढरं जातं’ म्हणणारी बाई तुला जवळजवळ रोज भेटेल. प्रयोगशाळा हाताशी नसते तिथे आपण लक्षणं बघून ठरलेल्या रंगाच्या किटमधली औषधं देतो. पुरुषाच्या लघवीच्या जागेतून पू येत असेल तर ही पद्धत बऱ्यापैकी चालते. पांढरं जाण्याच्या तक्रारीत मात्र ती फसते, आणि हे आपल्या गोव्यातच मोजलं गेलं आहे. उत्तर गोव्यातल्या १८ ते ४५ वयाच्या सुमारे २,५०० स्त्रियांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. पाव हिश्श्याहून जास्त जणींना जननमार्गाचा संसर्ग होता, पण त्यातला बहुतेक योनीतल्याच जंतूंचा तोल बिघडल्याने किंवा बुरशीमुळे झालेला. लैंगिक संबंधांतून पसरणारे गोनोरिया आणि क्लॅमिडिया हे आजार प्रत्येकी एक टक्क्याहूनही कमी. याच स्त्रियांच्या अभ्यासात पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध मनावरच्या ताणाशी आणि उदासीशी जास्त दिसला.

आता विचार कर. अशा बाईला ‘हा संबंधांतून आलेला आजार आहे, नवऱ्याला घेऊन ये’ असं न तपासता सांगितलं, तर औषधाने तिचं काही बिघडणार नाही कदाचित, पण घर बिघडू शकतं. स्रावाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघ, त्याची आम्लता (पीएच) बघ, आणि झोप लागते का, तेही विचार. उलट टोकही विसरू नकोस. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी १९८९ साली दाखवून दिलं, की तिथल्या दोन खेड्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाई बोलत नाही म्हणून तिला काही नाही, असं धरू नये. गरोदरपणात सिफिलिस या गुप्तरोगाची तपासणी राहून गेली तर किंमत बाळ मोजतं. त्यावर पेनिसिलिन तर आपल्याकडे आहेच!

त्याच १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तदानानंतर एचआयव्ही आढळला म्हणून, क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस डांबून ठेवलं होतं. तेव्हाच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्याने लढा दिला, संस्था उभी केली आणि १९९२ साली तो गेला. आज संमतीशिवाय कुणाची एचआयव्हीची स्थिती उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. पण कायदा तुझ्या वहीत डोकावत नाही. गोव्यातले गाव लहान. नाव गाळून ‘ट्रॉलरवर काम करणारा, वय ३४, बेतूल’ एवढं लिहिलंस तरी अख्खा वाडा माणूस ओळखतो. म्हणून गावाऐवजी तालुका लिही, वयाऐवजी वयोगट. क्रमांक आणि नावं जोडणारी यादी वेगळ्या कुलपात ठेव आणि काम संपलं की नष्ट कर. सासूला बाहेर बसवल्याशिवाय सुनेला एकही प्रश्न विचारू नकोस.

वास्कोतली बायणाची देहविक्रीची वस्ती २००४ मध्ये पाडली गेली, तेव्हा तिथल्या बायका पांगल्या, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणारी आरोग्यसेवाही विस्कटली. अशा बायकांचा विश्वास पुन्हा मिळवायला फार वेळ लागतो, आणि विश्वासाशिवाय तुझा नमुना, म्हणजे अभ्यासासाठी निवडलेला गट, कागदावरच राहील. त्यांना ओळखणाऱ्या कार्यकर्त्या बाईला अभ्यास आखतानाच सोबत घे, नंतर नको.

प्रश्नावलीचा कच्चा मसुदा पाठव. आधी मराठी आणि कोंकणीतला, इंग्रजी मागाहून बघू.

तुझी,
मॅडम