वरातीतले बार, वडिलांची बंदूक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावात वरात निघाली की एक पुढारी कमरेचं पिस्तूल काढून हवेत बार काढतात. परवाना आहे म्हणून कुणी बोलत नाही. तक्रार करून काही होतं का?
– एक वाचक, गेवराई तालुका

उत्तर : होतं, पण तक्रार नेमकी हवी. परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो, वरातीत बार काढण्याचा नाही. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये 2019 साली कलम 25(9) आलं. लग्नात, मिरवणुकीत किंवा निष्काळजीपणे गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. "कुणाला लागली तर नाही ना?" हा बचाव इथे चालत नाही. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि पत्र्याखाली जेवायला बसलेल्या पोराचा जीव घेण्याइतका जोर तिच्यात उरलेला असतो.

पुरावा बहुतेक वेळा आपल्याच हातून कच्चा होतो. व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरवला की मूळ फाईलमधली तारीख-वेळ निघून जाते. ज्याने चित्रण केलं त्याच्या मोबाईलमधली मूळ फाईल तशीच राहू द्या आणि तिची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. रिकामी पुंगळी दिसली तर उचलू नका. जागेवर फोटो काढा आणि पंचनाम्यात घ्यायला सांगा. तारीख, वेळ, मंगल कार्यालय, किती बार झाले, कुणी काढले, एवढं अर्जात असू द्या.

अर्ज पोलीस ठाण्यात द्या. एक प्रत पोलीस अधीक्षकांना आणि एक जिल्हाधिकाऱ्यांना द्या, कारण परवाना तेच देतात (छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्त). प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. लोक फक्त "गुन्हा दाखल करा" लिहितात. खटला वर्षानुवर्षं चालतो आणि पिस्तूल कमरेलाच राहतं. म्हणून कलम 17 खाली परवाना निलंबित किंवा रद्द करण्याची मागणी वेगळी लिहा. सार्वजनिक शांततेच्या कारणावरून ही कारवाई होऊ शकते, खटल्याच्या निकालासाठी थांबावं लागत नाही. तुमच्याच बीड जिल्ह्यात 2025 च्या सुरुवातीला शंभराहून अधिक परवाने रद्द झाले आहेत.

नाव पुढे करायची भीती वाटणं साहजिक आहे. अशा वेळी पोलीस पाटलांना सांगा. ठाण्याला खबर देणं हे त्यांचं कामच आहे. मंगल कार्यालयाच्या मालकांनीही बुकिंगच्या पावतीवर "आवारात शस्त्र आणल्यास कार्यक्रम थांबवून पोलिसांना कळवू" अशी अट छापावी. नवरीकडच्यांना तेवढा आधार पुरतो.

प्रश्न : वडील वारले. त्यांची बारा बोरची बंदूक ट्रंकेत आहे. परवान्याची मुदत अजून बाकी आहे. तोवर घरी ठेवली तर चालेल?
– एक वाचक, औसा

उत्तर : नाही. परवाना माणसाच्या नावाचा असतो. तुमच्या नावाचा परवाना नसताना बंदूक बाळगल्यास 2 ते 5 वर्षं कैद होऊ शकते. कलम 21 प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. आधी ठाण्यात फोन करा आणि त्यांनाच बोलवा. आत काडतूस आहे का, हे घरच्या घरी उघडून बघू नका. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, बोर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या, एरवी परत घेताना वाद होतो. ठेवायची सोय विक्रेत्याकडे बरी. भाडं पडतं, पण नळी गंजत नाही.

शेताच्या वारस नोंदीसारखं इथे फेरफाराने भागत नाही, स्वतःच्या नावाने नवा परवाना काढावा लागतो. मृत्यू दाखला, जुना परवाना, इतर वारसांचं नाहरकत, वय 21 पूर्ण आणि शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण प्रमाणपत्र लागेल. भावांची हरकत असली की प्रकरण तिथेच अडतं. घरात कुणाला खरी गरज नसेल, तर परवानगी घेऊन विक्रेत्याला विकून टाका. आमचं मत विचाराल तर हेच करा.

प्रश्न : मुलाच्या मोबाईलमध्ये कट्ट्यासोबत फोटो सापडला. "मित्राचा आहे, दोन दिवस ठेवायला दिला," म्हणतो.
– एक पालक, परतूर

उत्तर : ठेवायला घेतला तरी तो बाळगणंच आहे. कट्टा नदीत किंवा विहिरीत फेकू नका. पुरावा नष्ट केल्याचा आरोप वाढतो. हातही लावू नका. आजच वकील गाठा आणि त्यांच्यासोबत ठाण्यात जा. गावठी कट्ट्याची नळी गोळीच्या दाबासाठी बनवलेल्या पोलादाची असेलच असं नाही; ती हातात फुटते. खटका अडवणारी सोय बहुधा नसते, त्यामुळे नुसता खाली पडूनही बार होतो.

प्रश्न : यजमान कर्जापायी खचलेत, कुणाशी बोलत नाहीत. घरात त्यांचं परवान्याचं पिस्तूल आहे.
– एक वाचक भगिनी, हदगाव

उत्तर : ताई, ते आजच घराबाहेर काढा. टोकाचा विचार पुष्कळदा थोड्याच वेळाचा असतो. तेवढ्या वेळात शस्त्र हाताशी नसलं तर जीव वाचतो. "थोडे दिवस विक्रेत्याकडे ठेवू" असं त्यांना विश्वासात घेऊन सांगा. ऐकत नसतील तर ठाणेदारांना कळवा, अडचणीच्या क्षणी 112 लावा. दिराकडे किंवा शेजाऱ्याकडे मात्र देऊ नका, परवाना नसेल तर तेही गुन्ह्यात अडकतील. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुम्हीच केला तरी चालतो.