दोन लिटरची एक कॅराफ घेऊ, की लिटरच्या दोन?

तुमचा प्रश्न मला असा कळला: घरी दहा-बारा जण जमतात, फळांचा रस आणि थंड कॉफी असते, कधी गरम कॉफीही. दुकानात दोन लिटरची, निमुळत्या मानेची, जाड काचेची कॅराफ, म्हणजे टेबलावर पेय वाढायचं बाटलीसारखं भांडं, मनात भरली आहे. तिच्यावर लाकडी बुचाचं झाकण आहे. घ्यावी का?

माझं मत, घेऊ नका. लिटर-सव्वालिटरच्या दोन घ्या, रुंद तोंडाच्या. आणि गरम कॉफीसाठी वेगळं भांडं ठेवा.

वजनापासून सुरुवात करतो, कारण दुकानात आपण भांडं रिकामं उचलतो. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, त्यात जाड काचेचं किलोभर. हे तीन किलो एका हाताने, टेबलावरून वाकून, समोरच्याच्या ग्लासात नेमकं ओतायचंय. कॅराफला जगसारखा कान नसतो, सगळा भार पंज्याच्या पकडीवर आणि मनगटावर येतो. त्यातून पेय थंड असेल तर बाहेरून काचेला पाणी सुटतं आणि हात सटकतो. म्हणून मधे कंबर असलेली, म्हणजे बोटं जिथे अडकतील अशी खाच असलेली कॅराफ सरळसोट नळकांड्यापेक्षा कधीही बरी. तुमच्या पाहुण्यांत वयस्कर मंडळी किंवा लहान मुलं असतील आणि ती स्वतः ओतून घेणार असतील, तर सरळ कानाचा जग घ्या. दिसायला साधा दिसेल, पण सांडणार नाही.

लिटरची कमी पडेल ही भीती मनातून काढा. २०० मिलिच्या ग्लासात बर्फ घातला की पेय जेमतेम १५० मिलि मावतं. म्हणजे लिटरभरात सहा ग्लास, दोन कॅराफमध्ये बारा जणांची एक फेरी. दुसऱ्या फेरीचं फ्रिजमध्ये बाटल्यांत भरून ठेवायचं. कॅराफ हे वाढायचं भांडं आहे, साठवायचं नाही, एवढं धरून चाललं की मोठ्या आकाराचा मोह सुटतो. शिवाय दोन असल्या की टेबलाच्या दोन्ही टोकांना एकेक राहते आणि "जरा इकडे सरकवा" होत नाही. फक्त तळावर लिहिलेला आकडा काठोकाठ भरल्याचा आहे की खांद्यापर्यंतचा, ते विचारून घ्या. बरेचदा तो काठोकाठचा असतो, आणि काठोकाठ भरलेली कॅराफ ओतता येत नाही.

आता मान आणि तोंड. माझ्या मते निवडीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि तिथेच लोक रूपाला भुलतात.

निमुळती मान आत हात जाऊ देत नाही. नुसतं पाणी ठेवणार असाल तर विसळून भागेल. फळांच्या रसाचा गर आणि कॉफीचा तेलकट थर मात्र पोटाच्या वळणावर बसतो, आणि बाटल्या धुवायचा सरळ ब्रश नेमका तिथेच पोचत नाही. मग व्हिनेगर आणि जाडं मीठ घालून हलवत बसायचं, किंवा त्यासाठी मिळणारे स्टीलचे बारीक मणी आत फिरवायचे. चालतं हे, पण पाहुणे गेल्यावर रात्री अकरा वाजता कोण करणार? माझी कसोटी साधी आहे: घरात जो भांडी घासतो त्याची मूठ, निदान चार बोटं, आत गेली पाहिजेत. दुकानात खुशाल हात घालून बघा.

रुंद तोंडाची एक अडचण असते: ओतताना बर्फाचे खडे आणि फळांच्या फोडी धबकन ग्लासात पडतात. त्यावर जाळीचं झाकण हा उपाय. त्याहून चांगला उपाय म्हणजे बर्फ कॅराफमध्ये घालायचाच नाही. पेय आधी गार करा, बर्फ ग्लासात घाला. कॅराफमधला बर्फ वितळला की शेवटच्या ग्लासवाल्याच्या वाट्याला रंगीत पाणी येतं.

आणि ओघळ. हळू ओतलं की पेय धार धरायच्या ऐवजी काचेला चिकटून बाहेरून खाली उतरतं. चहाच्या किटलीचंही हेच होतं. मार्कस रायनर या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये त्यावर लिहिलं, आणि त्याला 'टीपॉट इफेक्ट' म्हणतात. कड जाड, गोलसर असेल तर द्रव तिच्यावरून वळून खाली येतो. पातळ, धारदार कड किंवा बाहेर झुकलेली चोच असेल तर धार तिथेच तुटते. म्हणून जाड गोल काठाची कॅराफ हातात दणकट वाटली तरी टेबलक्लॉथची वैरीण असते. दुकानदाराला विनंती करून पाणी भरून एकदा ओतून बघा. धार मधेच थांबवा आणि मानेखाली बोट फिरवा. बोट ओलं झालं तर ती परत ठेवा.

जाड काच म्हणजे मजबूत हा समज गरम पेयाच्या बाबतीत तर उलटाच आहे. उकळतं पाणी ओतलं की आतला पृष्ठभाग लगेच प्रसरण पावतो, बाहेरचा थंडच असतो, आणि त्या ताणाने काच तडकते. काच जितकी जाड तितका हा फरक जास्त. बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून ती गरम-थंड बदल सोसते. पण हातातून पडली तर तीही फुटते. विकत घेताना 'बोरोसिलिकेट' असं स्पष्ट लिहिलेलं बघा. नुसतं 'उष्णतारोधक' वाचून विसंबू नका. आणि काच कुठलीही असो, फ्रिजमधून काढलेल्या कॅराफमध्ये गरम काही ओतू नका.

तरीही गरम कॉफीसाठी मी काच सुचवणार नाही, कारण ती पटकन निवते. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये शोधलेली दुहेरी भिंतीची, मधे निर्वात पोकळी असलेली, म्हणजे थर्मासची युक्तीच अजून सगळ्यात कामाची आहे. स्टीलची निर्वात कॅराफ घ्या आणि भरण्याआधी पाच मिनिटं त्यात गरम पाणी ठेवून ओतून टाका. दूध घातलेली कॉफी तासन् तास तशीच ठेवू नका. कॉफी कोरी भरा, दूध बाजूला.

नक्षीदार क्रिस्टलची भेट आलेली कॅराफ घरी असेल तर आधी तिच्यात शिसं आहे का ते तपासा. जुन्या लेड क्रिस्टलमध्ये २४ टक्के किंवा त्याहून जास्त लेड ऑक्साइड असतं आणि आंबट रस किंवा मद्य साठवलं की ते पेयात उतरतं. मी ती फुलांसाठी वापरेन. आतून अस्तर नसलेल्या तांब्याच्या भांड्यातही आंबट पेयं नकोत.

फेसाळणारी पेयं कॅराफमध्ये ओतूच नका. ओततानाच बराच जोर जातो, ती बाटलीतूनच वाढा. तोटीवाला मोठा डिस्पेन्सर उभ्याने घेण्याच्या मेळाव्यात सोयीचा, पण गर असलेल्या रसाने तोटी तुंबते. गाळून भरा. बाहेर अंगणात मुलं असतील तर जाड प्लॅस्टिकची कॅराफ बिनधास्त घ्या, फक्त गरम काही नको, आणि तारेची घासणी नको.

राहिलं तुमचं लाकडी बूच. दिसतं छान, पण ते रसाचा वास शोषतं. सिलिकॉनची रिंग असलेलं झाकण घ्या, पण रिंग निघते का बघा, कारण खाचेत साचलेला रस वरवर विसळून जात नाही. धुतल्यावर रिंग वेगळी वाळवा, आणि कॅराफ आतून पूर्ण कोरडी होईपर्यंत झाकण लावू नका.