रिक्वेस्ट, डिमांड आन् मधातला 'फॉर'

प्रश्न: मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राह्यते, बारावी झाली, गावातल्या लोकायचे अर्ज मीच लिहून देते. एका काकायले पीककर्जाच्या खात्याचं स्टेटमेंट पाह्यजे होतं म्हणून ब्यांकेले मेल केला, त्यात 'आय डिमांड यू टू गिव्ह स्टेटमेंट' लिवलं तर साहेब लय भडकले. मंग 'आय रिक्वेस्ट फॉर स्टेटमेंट' लिवलं, तर भाचा म्हणते हे बी चूक. बरोबर काय? आन् रिक्वेस्ट करणं म्हणजे हात जोडणंच का?

उत्तर: ताई, साहेब काहून भडकले ते आधी सांगतो. आपल्याकडे डिमांड हा शब्द मवाळ झालाय, कापसाला डिमांड आहे म्हणतो, मोटारपंपाच्या कनेक्शनची डिमांड भरली म्हणतो, त्यात कोणाला राग यायचं काही कारणच नाही. पण इंग्रजीत 'आय डिमांड' म्हटलं की ते 'द्या म्हणजे द्या' असं ऐकू येतं. आणि डिमांडच्या मागे 'यू टू' लागतच नाही, म्हणजे ते वाक्य तसंही बसत नव्हतं.

आता भाच्याचं. त्याचं बरोबर आहे. रिक्वेस्ट क्रियापद असलं, म्हणजे 'मी विनंती करतो' असं, तर फॉर नको. 'आय रिक्वेस्ट अ स्टेटमेंट' किंवा 'आय रिक्वेस्ट यू टू इश्यू द स्टेटमेंट', झालं. नाम असलं की फॉर येतो, 'माय रिक्वेस्ट फॉर द स्टेटमेंट इज पेंडिंग'. ही चूक शिकलेसवरलेले लोकही रोज करतात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. अजून एक, रिक्वेस्ट लिहिलं की त्याच वाक्यात काइंडली आणि प्लीज दोन्ही घालायची गरज नाही, नम्रपणा त्या शब्दातच आहे, उगाच ढीग लावला की मुद्दा मागे राहतो.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नाही, रिक्वेस्ट म्हणजे हात जोडणं नाही. एसटीचा विनंती थांबा पाहा, फाट्यावर हात दाखवला की गाडी थांबते, तिथं कोणी ड्रायव्हरच्या पाया पडत नाही. आणि 2005 चा माहिती अधिकाराचा कायदा इंग्रजीत काढून वाचा, कलम 6 मध्ये माहिती मागण्याला रिक्वेस्ट हाच शब्द आहे. पण त्याच कलमात लिहिलंय की माहिती कशासाठी पाहिजे याचं कारण द्यायची गरज नाही, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याला अर्ज लिहायला माहिती अधिकाऱ्यानंच मदत करायची. उत्तर साधारण 30 दिवसांत द्यावं लागतं, माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांत. म्हणजे शब्द नम्र आणि पाठीशी हक्क, दोन्ही एकाच ओळीत, हे मला फार आवडतं.

काकांच्या मेलमध्ये एवढंच लिहा, 'आय रिक्वेस्ट यू टू इश्यू द स्टेटमेंट ऑफ माय क्रॉप लोन अकाउंट', खाली खातं नंबर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत पाहिजे ते, आणि काकांचं नाव, कारण खातं त्यांचं आहे. मेल त्यांच्याच नोंदवलेल्या पत्त्यावरून गेला तर बरं. नाहीतर सरळ मराठीत कागदावर लिहून ब्यांकेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्या.