दुखायचं थांबलं, मग रूट कॅनल कशाला?

प्रश्न : आईची (वय ५४) खालची दाढ पंधरा दिवस रात्री ठणकत होती. लवंग धरली, गोळ्या घेतल्या. मग दुखणं आपोआप थांबलं. आता डॉक्टर म्हणतात, रूट कॅनल करून कॅप बसवा. आई म्हणते, त्यापेक्षा उपटूनच टाकू. काय करावं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमच्या आईंची दाढ बरी झाली असं समजू नका. बहुधा आतली नस मेली आहे. दाताच्या आत नसेला सुजायला जागाच नसते, म्हणून तो जीवघेणा ठणका. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री जास्त. नस मेली की ठणका संपतो, पण जंतू आतच राहतात आणि मुळाच्या टोकाशी हाड पोखरू लागतात. मेलेल्या नसेत रक्त खेळत नाही, त्यामुळे अँटिबायोटिकच्या गोळ्या तिथवर पोचत नाहीत.

अशा दाढेला मी बर्फ लावून बघते. शेजारची दाढ लगेच झिणझिणते, ही मात्र गप्प. मग आरशाच्या दांडीने हलकंच ठोकलं की पेशंट डोळे घट्ट मिटतो.

रूट कॅनल म्हणजे मुळांतल्या, नस असलेल्या नळ्या साफ करून बंद करणं. खालच्या पहिल्या दाढेला सहसा दोन मुळं आणि अशा तीन-चार नळ्या असतात, इतक्या बारीक की टोकाशी ०.१० मिलिमीटर जाडीच्या फाइलने (सुईसारख्या कानशीने) वाट काढावी लागते. मग औषधाने धुऊन त्या नळ्या गटापर्चाच्या (रबरासारख्या पदार्थाच्या) गुलाबी काड्यांनी बंद करतात. खरं काम धुण्याचं आहे, तिथे घाई नको.

कॅप मात्र लांबवू नका, हे मी कळकळीने सांगते. माझ्या वडिलांनी रूट कॅनल केलं आणि ‘आता दुखत नाही’ म्हणून कॅप पुढे ढकलली. फुटाणे खाताना दाढ मुळापर्यंत चिरली, काढावीच लागली. पोखरलेली दाढ चावण्याचा जोर एकटी पेलत नाही.

मूळच चिरलं असेल किंवा हिरडीवर दाताची भिंतच उरली नसेल, तर काढणं योग्य. नाहीतर दाढ वाचवावी; काढली तर मागची दाढ रिकाम्या जागेत कलते, वरची खाली उतरते. एक्स-रे समोर ठेवून डॉक्टरांना हेच विचारा. आणि गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.