वाचकांचे प्रश्न : प्रौढ शिक्षणाच्या परिषदेसाठी शोधप्रस्ताव लिहिताना

प्रौढ शिक्षणावरील परिषदांना शोधप्रस्ताव, म्हणजे तिथे मांडायच्या निबंधाचा निवडीसाठी आधी पाठवायचा थोडक्यातला आराखडा, कसा पाठवावा, याविषयी कोल्हापूर जिल्ह्यातील वाचकांची पत्रे आमच्याकडे आली आहेत. त्यांपैकी काही पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी गडहिंग्लज तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ‘उल्लास’ म्हणजे नव भारत साक्षरता कार्यक्रमात असाक्षरांचे सर्वेक्षण आणि वर्गांची देखरेख अशी दोन्ही कामे मी केली. आता एका राष्ट्रीय परिषदेने चारशे शब्दांचा प्रस्ताव मागवला आहे. ‘गडहिंग्लज तालुक्यातील महिलांची साक्षरता : एक अभ्यास’ या विषयावरील माझा मसुदा सोबत जोडला आहे. सहकाऱ्यांना तो अहवालासारखा वाटतो. त्यात काय बदल करावा?

उत्तर : सहकाऱ्यांचे म्हणणे रास्त आहे. आपल्या मसुद्यातील निम्मे शब्द साक्षरतेचे महत्त्व, शासनाचे प्रयत्न आणि वर्गांना मिळालेला प्रतिसाद यांवर खर्ची पडले आहेत. हे सारे खरे असले, तरी आपण नेमके काय शोधणार आहात हे परीक्षकाला त्यातून कळत नाही. काय काम झाले ते अहवालात सांगायचे असते. प्रस्तावात मात्र कोणत्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही, ते आपण कोणाकडून आणि कसे मिळवणार, हे आले पाहिजे.

आपल्या शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य ओझरते येऊन गेले आहे. वर्गात बेरीज-वजाबाकी अचूक करणाऱ्या काही महिला दूध संस्थेची पावती मात्र अजूनही मुलाकडून वाचून घेतात, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते आपला सारा प्रस्ताव या एका वाक्यात आहे. संकलन केंद्रावरच्या पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन घटक), दर आणि रक्कम असे आकडे असतात, त्यांतले बरेचसे दशांश चिन्हासह बारीक अक्षरांत छापलेले असतात आणि पावती हातात पडते तेव्हा मागे किटल्या घेऊन रांग उभी असते. वर्गातले गणित या पावतीपर्यंत का पोहोचत नाही? दशांश अपूर्णांक शिकवलेच गेले नाहीत, फॅटवरून दर कसा ठरतो हे कोणी समजावून सांगितले नाही, की आकडा चुकीचा वाटला तरी संस्थेच्या सचिवाला चारचौघांत विचारण्याचा धीर होत नाही? या तीन शक्यतांवर तीन वेगवेगळे उपाय आहेत, आणि म्हणूनच हा प्रश्न संशोधनाच्या योग्यतेचा आहे.

तेव्हा शीर्षक असे करून पाहावे : ‘साक्षरता चाचणी उत्तीर्ण झालेल्या दूध उत्पादक महिला आणि दूध पावतीचे वाचन : गडहिंग्लज तालुक्यातील निवडक गावांचा अभ्यास’. उल्लासची मूल्यमापन चाचणी १५० गुणांची असते आणि वाचन, लेखन व संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण असतात. त्यामुळे संख्याज्ञानात चांगले गुण मिळवलेल्या महिला निवडून त्यांच्याशी बोलता येईल, आणि ही निवड कशी केली ते प्रस्तावात एका वाक्यात सांगता येईल. चार-पाच गावे आणि पंधरा-वीस महिला असा आटोपशीर नमुना घ्यावा. प्रत्येकीच्या दहा दिवसांच्या एका बिलापर्यंतच्या पावत्या पाहाव्यात, घरी निवांतपणे मुलाखत घ्यावी आणि केंद्रावर सकाळ-संध्याकाळच्या संकलनाच्या वेळी निरीक्षण करावे. संपूर्ण तालुक्याविषयी विधान करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण एवढ्या नमुन्यावर ते टिकणार नाही आणि कोणताही जाणकार परीक्षक पहिली खूण तिथेच करील.

एक दुरुस्ती तातडीने करावी. आपण २०११ च्या जनगणनेतील जिल्ह्याचा साक्षरता दर ‘प्रौढ साक्षरता’ म्हणून दिला आहे. जनगणनेतील हा दर सात वर्षे व त्याहून अधिक वयाच्या लोकसंख्येवर काढलेला असतो, तर उल्लास कार्यक्रम पंधरा वर्षे व त्यापुढील व्यक्तींसाठी आहे. शाळेत जाणारी मुले त्या दरात धरलेली असल्यामुळे तो प्रौढांच्या प्रत्यक्ष स्थितीपेक्षा चांगला दिसतो. जनगणनेच्या वयोगटनिहाय तक्त्यांतून पंधरा वर्षांपुढील आकडा वेगळा काढता येतो, आणि तोच वापरावा.

पूर्वीच्या संशोधनासाठी तीन-चार ओळी राखून ठेवाव्यात. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्रौढ शिक्षण संघाचे नियतकालिक, ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील प्रबंध आणि शिवाजी विद्यापीठातील बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र येथून सुरुवात करावी. दहा नावांची जंत्री देण्याऐवजी आपल्या प्रश्नाच्या जवळ जाणारे दोन अभ्यास घेऊन ते कुठे थांबतात हे लिहिले, तर आपल्या अभ्यासाची गरज आपोआप सिद्ध होते.

प्रश्न : मी कोल्हापुरात इतिहास विषयात पीएच.डी. करीत आहे. ‘राजर्षी शाहू महाराजांचे प्रौढ शिक्षणातील योगदान’ असा प्रस्ताव पाठवावा, असे मनात आहे. अभ्यास पुरा झालेला नाही. निष्कर्षांशिवाय प्रस्ताव स्वीकारला जातो का?

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. अनेक परिषदा चालू असलेले संशोधन स्वीकारतात. काही ठिकाणी त्यासाठी गोलमेज चर्चा किंवा भित्तिपत्रक असे वेगळे प्रकार असतात. प्रस्तावात ‘काम कुठवर आले आहे’ हे स्पष्ट लिहावे आणि जे हाती आलेले नाही ते आल्यासारखे लिहू नये.

विषयाबाबत मात्र थोडे थांबून विचार व्हावा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला, ही आपल्या सर्वांच्या अभिमानाची गोष्ट आहे. पण तो निर्णय मुलांच्या शिक्षणाचा होता. त्याला प्रौढ शिक्षणाचे लेबल लावल्यास महाराजांच्या कार्याला न्याय मिळत नाही आणि प्रस्तावही कच्चा राहतो. संस्थानात मोठ्या माणसांच्या शिकण्यासाठी रात्रशाळा, वाचनालये, कारागिरीचे शिक्षण अशा कोणत्या वाटा होत्या, हा प्रश्न घेतला तर कोल्हापूरच्या पुरालेखागारातील संस्थानी कागदपत्रे, जुने प्रशासन अहवाल आणि १८५० मध्ये स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या संस्थेचा इतिहास आपल्या उपयोगी पडेल. जुने दप्तर बहुतांशी मोडीत असल्यामुळे आपल्याला मोडी वाचता येते किंवा कोणाचे साहाय्य घेणार आहात, हेही पद्धतीच्या भागात नमूद करावे.

दुसरा एक विषय सुचवावासा वाटतो. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे राज्यभर पसरली आणि गाव साक्षर झाले की तिथे ग्रामगौरव समारंभ होत असे. त्या वर्गांत तरुणपणी बसलेली माणसे आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी नोंदवून घेण्याचे काम फार काळ लांबणीवर टाकता येणार नाही, आणि मौखिक इतिहासाची पद्धत आपल्या विषयातच बसते.

प्रश्न : मी इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत साक्षरता वर्ग घेतो. कांडी मशीनवर (मागासाठी कांड्यांवर सूत भरण्याच्या यंत्रावर) काम करणाऱ्या महिलांच्या शिकण्यावर प्रस्ताव लिहिला आहे. परिषदेच्या अर्जात ‘संशोधन नीतिमत्ता आणि संमती’ असा रकाना आहे. महिला माझ्याच विद्यार्थिनी आहेत आणि मी विचारल्यास कोणी नाही म्हणत नाही. मग तिथे काय लिहावे?

उत्तर : ‘कोणी नाही म्हणत नाही’ हीच या रकान्यातील खरी अडचण आहे. शिकवणाऱ्याने विचारल्यावर दिलेला होकार भिडेपोटी आलेला असू शकतो. म्हणून शक्य असल्यास संमती घेण्याचे आणि मुलाखतीचे काम आपल्या ओळखीच्या पण त्या वर्गाशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडे, शक्यतो महिलेकडे द्यावे. नकार दिल्याने वर्गातील प्रवेशावर किंवा परीक्षेवर काहीही परिणाम होणार नाही, हे तिने प्रत्येकीला तोंडी सांगावे.

संमतिपत्रावर अंगठा घेतला म्हणजे काम झाले, असे समजू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे मुख्यतः आरोग्यविषयक संशोधनासाठी आहेत, तरी त्यांतील एक अट इथे तंतोतंत लागू पडते : ज्याला वाचता येत नाही त्याच्या संमतीच्या वेळी वाचता येणारा त्रयस्थ साक्षीदार हजर असावा. मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा, नंतर त्या महिलेने तो आपल्या शब्दांत परत सांगावा आणि मगच सही किंवा अंगठा घ्यावा. नव्याने सही शिकलेल्या महिलेला सही करायची असेल, तर तिला लागेल तेवढा वेळ द्यावा. अक्षरे हळूहळू जुळवत केलेल्या त्या सहीत तिचा होकार पूर्ण असतो.

मुलाखत कारखान्यात घेऊ नये. मागांच्या खडखडाटात बोलणे ऐकू येत नाही हे एक, आणि मालक किंवा जॉबर (मागांवर देखरेख करणारा) जवळपास असताना मजुरीचा हिशेब, जादा पाळी किंवा वर्गाला येण्याची अडचण याबद्दल कोणी मोकळेपणी बोलणार नाही. लेखनात नावे बदलावीत, पण तेवढ्याने ओळख लपतेच असे नाही : एखाद्या गल्लीत कांडीकाम करून वर्गाला येणारी पन्नाशीची विधवा एकच असेल, तर नाव बदलूनही सारी गल्ली तिला ओळखील. अशा वेळी वय, गल्ली किंवा कौटुंबिक तपशील यांपैकी काय गाळायचे ते आधी ठरवावे. वर्गाची छायाचित्रे प्रस्तावासोबत जोडू नयेत. रकान्यात या सर्व गोष्टी सहा-सात सरळ वाक्यांत लिहाव्यात. ‘सर्व नैतिक नियमांचे पालन केले जाईल’ एवढ्या एका वाक्यावर परीक्षकाचे समाधान होत नाही आणि होऊही नये.

आपल्या पत्रात विचारलेले नाही, पण एक सांगावेसे वाटते. बहुतेक परिषदांत परीक्षकाला लेखकाचे नाव कळू दिले जात नाही. ‘आमच्या मंडळाने २०२३ पासून चालवलेल्या वर्गात’ असे लिहिले की ओळख उघड होते. मूळ मजकुरात ‘एका स्थानिक संस्थेच्या वर्गात’ असे लिहावे आणि संस्थेचे नाव अर्जातील वेगळ्या जागी द्यावे. मात्र आपण तिथे स्वतः शिकवता ही गोष्ट लपवू नये. त्यामुळे निष्कर्षांवर काय परिणाम होऊ शकतो आणि त्यावर काय खबरदारी घेतली, हे सांगणे संशोधकाचे कर्तव्य आहे.

प्रश्न : प्रस्ताव मराठीत पाठवता येईल का? शिवाय ‘आपला निबंध स्वीकारला आहे, शुल्क भरा’ असे ईमेल येतात. त्यांवर विश्वास ठेवावा का? (कागल)

उत्तर : भाषेबाबत परिषदेच्या निवेदनात स्पष्ट उल्लेख असतो; नसल्यास संयोजकांना एक ओळ लिहून विचारावे. प्रस्ताव इंग्रजीत द्यावा लागला तरी मुलाखतीतील उद्गार पूर्ण निबंधात बोलणाऱ्याच्या कोल्हापुरी बोलीत देवनागरीत ठेवावेत आणि खाली अर्थ द्यावा. ‘मला आता बसची पाटी वाचाय येती’ या वाक्याचे प्रमाण भाषेत रूपांतर करून मूळ काढून टाकले, तर पुरावाच बदलतो.

ईमेलबाबत सावध राहावे. पाठवल्यापासून एक-दोन दिवसांत, कोणताही अभिप्राय न देता आलेली स्वीकृती, अभियांत्रिकीपासून आयुर्वेदापर्यंत सर्व विषय एकाच परिषदेत आणि पैसे भरण्याची घाई, ही लक्षणे दिसली तर पैसे भरू नयेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त संशोधन नियतकालिकांची आपली ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद केली आहे. तरीही ‘केअर यादीतील नियतकालिकात हमखास प्रसिद्धी’ असे आमिष दाखवले जात असेल, तर ते पत्र तिथेच बाजूला ठेवावे.

प्रश्न : माझा प्रस्ताव नाकारला गेला. एका परीक्षकाने विषय चांगला म्हटले आणि दुसऱ्याने पद्धत अपुरी म्हटले. तोच प्रस्ताव दुसरीकडे पाठवू का? (शिरोळ)

उत्तर : पाठवावा, पण तोच नव्हे. दोन्ही अभिप्रायांत विसंगती नाही : विषय चांगला असूनही पद्धत अपुरी असू शकते. आपल्या प्रस्तावात ‘मुलाखती व निरीक्षण केले जाईल’ एवढेच आहे. किती जणांच्या, कोणी, कुठे, किती वेळ आणि मिळालेल्या माहितीचे पुढे काय करणार, हे पाच तपशील घालावेत. त्यासाठी जागा हवी असेल, तर प्रास्ताविकातील पहिला परिच्छेद पूर्ण काढून टाकावा. एकाच वेळी दोन परिषदांकडे मात्र पाठवू नये. पहिल्या ठिकाणचा निर्णय आल्यानंतरच दुसरीकडे अर्ज करावा.